राखणदारा, रंगाचं घर तूच जाळलंस

ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर अल्फा, ऊर्फ टीएनएफ-अल्फा,
मुक्काम : पांढऱ्या पेशी, अंगभर वाहणारं रक्त, आणि गेल्या वर्षीच्या रंगपंचमीपासून माझ्या ताईचे दोन्ही डोळे.

पत्राच्या सुरुवातीला सप्रेम नमस्कार लिहायची आपल्याकडे रीत आहे. ती मी आज मोडतो. तुझ्यावर माझं प्रेम नाही. नमस्काराचं काय करायचं ते पत्र संपेपर्यंत ठरवू. तुला वाचता येत नाही हे मला ठाऊक आहे. मी शाळेत विज्ञान शिकवतो. प्रथिनाला डोळे नसतात, कान नसतात, लाजही नसते, एवढं मला कळतं. पण तू जे केलंस ते चारचौघांत सांगितलं पाहिजे, म्हणून हे पत्र उघडं आहे.

वाईच्या बाजारात ताईचं फॉल-पिकोचं आणि ब्लाउज शिवायचं दुकान आहे. दहा बाय आठची खोली, एक मोटारचं मशीन, एक पायाचं, आणि मागच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत दोऱ्यांची रिळं. बावधन, पसरणी, मेणवली, भुईंज, कुठकुठच्या बायका साड्या घेऊन येतात. इतर दुकानांत साडीचा पदर दारात उजेडाला नेऊन रिळाशी ताडून बघतात. ताईला त्याची गरज पडत नसे. साडी हातात आली की मागे न वळता हात वर जायचा आणि डाळिंबी साडीला डाळिंबीच रीळ निघायचं. किरमिजी नाही, मरून नाही, डाळिंबी. वीस वर्षांची नजर होती ती.

रंगपंचमीला बावधनच्या बगाडाची जत्रा होती. आम्ही सगळे गेलो होतो. ताईचं चार दिवस डोकं दुखत होतं, मान आखडली होती, कानात एकसारखा भुंगा. केसांतून कंगवा फिरवला तरी टाळू दुखते म्हणायची. उन्हातान्हात काम, लगीनसराई तोंडावर, आम्ही म्हटलं पित्त असेल. बगाड ओढणाऱ्या बैलांच्या अंगावर गुलाल उधळला जात होता. ताई माझ्याकडे वळून म्हणाली, ‘‘गुलाल एवढा विटका का रे दिसतोय या वर्षी?’’ मी बघितलं. गुलाल लालभडक होता.

दुसऱ्या दिवशी तिला टेपवरच्या रेघा वाकड्या दिसायला लागल्या. तिसऱ्या दिवशी मोरपंखी साडीला तिनं भलत्याच निळ्या दोऱ्यानं फॉल लावला. बाईंनी काही न बोलता साडी परत पुढे सरकवली. ताई ती साडी हातात धरून बराच वेळ बसून राहिली. डोळे लाल झाले होते म्हणून ‘डोळे आलेत’ असं सांगून ओळखीच्या औषधाच्या दुकानातून थेंब आणले आणि आठ दिवस घातले. ते आठ दिवस आम्ही वाया घालवले. त्याचा हिशेब तुझ्या नावावर नाही, आमच्या नावावर आहे. बाकीचा तुझ्या.

साताऱ्याच्या डॉक्टरांनी बाहुली मोठी करायचे थेंब घातले, दिव्यातून पडदा बघितला आणि खंबाटकी घाट ओलांडून त्याच दिवशी पुण्याला जायला सांगितलं. तिथे ओसीटी नावाचा स्कॅन काढला. संगणकावर पडद्याचा आडवा छेद दिसला: जिथे सपाट थर हवेत तिथे पाण्यानं उचललेले फुगवटे, दोन्ही डोळ्यांत. रोगाचं नाव व्होग्ट-कोयानागी-हाराडा. अल्फ्रेड व्होग्ट स्वित्झर्लंडचा, कोयानागी आणि हाराडा जपानचे. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत तिघांनी वेगवेगळं टिपून ठेवलेलं एकच दुखणं. गोऱ्या युरोपीय लोकांत हे फार दिसत नाही. ज्यांच्या कातडीत आणि डोळ्यांत रंग जास्त, त्यांच्या वाट्याला ते अधिक येतं. म्हणजे जपानी, लॅटिन अमेरिकी आणि आपण.

कारण तुला रंगच हवा होता.

तू नेमकं कुठे घुसलास ते वाचणाऱ्यांना कळावं म्हणून सांगतो. डोळ्याचं बाहेरचं पांढरं कवच आणि आतला बघणारा पडदा यांच्यामध्ये एक काळसर, रक्तवाहिन्यांनी भरलेला थर असतो. पुढे तोच थर बुबुळाला जाऊन मिळतो. या सगळ्याला मिळून युव्हिया म्हणतात. लॅटिनमध्ये ‘युवा’ म्हणजे द्राक्ष. वरचं कवच सोलून काढलं तर आतला डोळा काळ्या द्राक्षासारखा दिसतो, म्हणून ते नाव. तासगावकडच्या माणसाला हे दोनदा सांगावं लागणार नाही. या थरात रंग तयार करणाऱ्या पेशी असतात, मेलॅनोसाइट. त्यांना लागून पडद्याच्या पाठीमागे रंगीत पेशींचा आणखी एक पदर असतो, एका पेशीच्या जाडीचा, षटकोनी फरशा बसवाव्यात तसा. हा पदर भटकणारा उजेड शोषून घेतो, बघणाऱ्या पेशींची रोज झडणारी टोकं गिळून साफ करतो, अ जीवनसत्त्वाची ने-आण करतो, आणि मागच्या रक्तवाहिन्यांतलं पाणी पडद्याखाली येऊ देत नाही. मोठ्या माणसात या पेशी सहसा पुन्हा वाढत नाहीत. गेली ती गेली.

आणि हे ऐक. डोळ्यात शांतता राखायचं कामही याच रंगीत पेशी करतात. सूज डोळ्याला परवडत नाही. हातावर व्रण राहिला तर चालतो, पडद्यावर राहिला तर माणूस आंधळा होतो. म्हणून शरीरानं डोळ्याला सवलत दिली आहे. पीटर मेदावर या शास्त्रज्ञानं १९४८ साली या सवलतीकडे लक्ष वेधलं. बुबुळामागच्या आणि पडद्यामागच्या रंगीत पेशी टीजीएफ-बीटा नावाचा निरोप सोडतात आणि चवताळून आलेल्या पांढऱ्या पेशींना थंड करतात. ज्यांनी तुला हात जोडून सांगितलं की इथे भांडू नकोस, त्यांच्याच घरात तू शिरलास.

तू एकटा नव्हतास, हेही नोंदवून ठेवतो. रंग तयार करायला लागणारं टायरोसिनेज नावाचं विकर आहे. ताईच्या काही टी-पेशींनी त्यालाच शत्रू ठरवलं. इंटरफेरॉन-गॅमा होता, इंटरल्यूकिन-६ आणि १७ होते. पण हाळी देणाऱ्यांत तू पुढे. तू मेलॅनोसाइटच्या दारावर थाप मारलीस की ती पेशी आपल्या अंगावर आयकॅम-१ नावाचे आकडे उभे करते आणि येणाऱ्या पांढऱ्या पेशी त्याला अडकून तिथेच मुक्काम करतात. तू आणि इंटरल्यूकिन-६ मिळून मेलॅनोसाइटची वाढ रोखता आणि टायरोसिनेजचं काम मंदावता, हे प्रयोगशाळेत १९९१ सालीच दाखवलं गेलं. आणि त्या षटकोनी फरश्यांच्या सांध्यातला गिलावा तू सैल करतोस. मग मागचं पाणी पुढे झिरपतं, पडदा फुगतो, टेपवरची रेघ वाकडी होते आणि गुलाल विटतो. ताईच्या तोंडून निघालेल्या त्या एका वाक्यामागे एवढं सगळं घडत होतं.

तुझं नाव मात्र मोठं आहे. १९७५ साली न्यूयॉर्कला लॉइड ओल्ड यांच्या प्रयोगशाळेत तू सापडलास. उंदरांच्या गाठी तू जाळतोस म्हणून ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, गाठ नासवणारा घटक. दुसऱ्या एका प्रयोगशाळेत काही लोक वेगळाच पदार्थ शोधत होते. दीर्घ आजारात माणूस खंगत का जातो, मांस झडून हाडं का वर येतात, त्याचं कारण. त्यांना सापडलेल्या प्रथिनाचं नाव त्यांनी कॅकेक्टिन ठेवलं, खंगवणारं. १९८५ साली कळलं की दोन्ही तूच. आपल्या भाषेनं फुप्फुसाच्या त्या जुन्या रोगाला क्षय म्हटलं, तेव्हा तुझं नाव कुणाला माहीत नव्हतं. पण झिजवणारा हात कुणीतरी ओळखला होता. आजही मी ‘क्षय’ हा शब्द फळ्यावर लिहितो तेव्हा मला तू दिसतोस.

तुझी जुनी प्रकरणंही मला माहीत आहेत. फ्रान्समधल्या कूव्रे गावात १८१२ साली तीन वर्षांचा एक मुलगा बापाच्या खोगीर-लगाम शिवायच्या दुकानात आरीशी खेळत होता. आरी एका डोळ्यात गेली. तो डोळा गेलाच. पण काही काळानं न दुखावलेला दुसरा डोळाही सुजला आणि गेला. एका डोळ्यातले रंगद्रव्याचे कण जखमेतून बाहेर पडले, शरीरानं त्यांना परकं मानलं आणि दुसऱ्या, निर्दोष डोळ्यावर धाड घातली, असंच ते घडलं असावं असं डॉक्टर मानतात. ताईच्या रोगाचा हा सख्खा भाऊ; फरक एवढाच की तिला कुठली आरी लागली नव्हती. त्या मुलाचं नाव लुई ब्रेल. बोटांनी वाचायची लिपी त्यानं जगाला दिली आणि १८५२ साली, त्रेचाळीस वर्षांचा असताना, तो गेला. क्षयानं.

ताईला तीन दिवस शिरेतून स्टेरॉईड दिलं, मग गोळ्या. पंधरा दिवसांत फुगवटे बसले. रेघा सरळ झाल्या. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की गोळ्या महिनोन्‌महिने, हळूहळू उतरवत आणायच्या, मनानं एकही कमी करायची नाही. पण चेहरा सुजून गोल झाला, साखर वाढली, रात्र रात्र झोप नाही. दुकानात येणारी प्रत्येक बाई म्हणायची, ‘‘बाई, केवढ्या सुटलात!’’ वैशाखात लग्नांची गर्दी होती. ताईनं आमच्यापासून लपवून गोळ्या निम्म्या केल्या. तू दबा धरून बसलाच होतास. तीन आठवड्यांत परत आलास आणि या वेळी बुबुळालाही धरलंस.

पावसाळ्यात एके सकाळी ती आरशासमोर उभी होती. म्हणाली, ‘‘पापणीला दोरा चिकटलाय, काढ जरा.’’ मी चिमटीत धरून ओढला. दोरा नव्हता. पापणीचा केस होता, पांढरा. उजव्या डोळ्याच्या वरच्या पापणीवर असे तीन. मग मानेवर एक पांढरा डाग, नंतर दोन्ही हातांवर. डोळ्यातल्या मेलॅनोसाइट आणि कातडीतल्या मेलॅनोसाइट एकाच कुळातल्या. तू कुळच्या कुळ शोधत गेलास.

इथे तुला बाजूला ठेवून गावाशी बोलतो. हाताला डाग दिसल्यावर दोन-तीन बायकांनी ताईकडे साड्या टाकणं बंद केलं. ताईच्या लेकीचं लग्न व्हायचं आहे, त्यावरही कुजबूज झाली. कोड लागत नाही. शिवलेल्या ब्लाउजातून लागत नाही, एका ताटात जेवून लागत नाही. हे मी शाळेत शिकवतो आणि माझ्याच गल्लीत मला पुन्हा सांगावं लागलं, याचा मला राग आहे.

सहा महिन्यांनी डॉक्टरांनी पडद्याचा फोटो दाखवला. आपल्या लोकांचा पडदा आतून तपकिरी, विटकरी झाक असलेला असतो. ताईचा शेंदरी-लाल दिसत होता. मागचा रंग निघून गेला की नुसत्या रक्तवाहिन्यांची लाली उरते. वैद्यकात त्याला मावळतीची झळाळी म्हणतात. घाटावरून आम्ही रोज बघतो, पाचगणीच्या पठारामागे सूर्य उतरतो तेव्हा अख्खं आभाळ तसंच होतं. नाव ठेवणाऱ्याला ते सुंदर दिसलं असेल. मला ते जळून गेलेल्या घराच्या भिंतींसारखं दिसलं.

या काळात आम्हाला सल्ले देणारे पुष्कळ भेटले. वाईच्या आसपास हळद पिकते, सांगलीच्या हळदीला तर २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हा हळद येणारच. कुणी दुधातून घ्या म्हणालं, कुणी हळदीच्या पाण्यात कापूस भिजवून डोळ्यावर ठेवा म्हणालं. हळदीला मी नावं ठेवणार नाही. तिच्यातलं कर्क्युमिन तू वापरतोस ती पेशीतली निरोपाची वाट प्रयोगशाळेच्या बशीत अडवतं, हे खरं आहे. पण जेवणातल्या हळदीतून ते रक्तात जेमतेम उतरतं. आणि डोळ्यात हळद घालणं म्हणजे भाजलेल्या जागी पुन्हा चटका देणं. हळद आमटीत राहू दे.

आता ज्या गोष्टीनं माझं हे पत्र अवघड केलं तिच्याकडे येतो.

गोळ्यांनी तू पुरता आवरेनास तेव्हा डॉक्टर म्हणाले, थेट यालाच धरणारं इंजेक्शन आहे, अ‍ॅडॅलिम्युमॅब. ती तुला हेरून पकडणारी प्रतिपिंडं आहेत. जंतूंमुळे न झालेल्या डोळ्यातल्या अशा सुजेसाठी अमेरिकेत २०१६ साली त्याला मान्यता मिळाली. आपल्याकडे अहमदाबादच्या झायडसनं त्याची देशी आवृत्ती २०१४ सालीच आणली होती. मला वाटलं, सापडलास. पण ते म्हणाले, आधी क्षयाची तपासणी. छातीचा एक्स-रे स्वच्छ आला. हातावर मॉन्टूचं इंजेक्शन दिलं. स्टेरॉईड चालू असूनही तिसऱ्या दिवशी तिथे चौदा मिलिमीटरची कडक गाठ उठली.

आई तेव्हा बोलली. तिची सासू, आमची आजी, खोकून खोकून गेली. घरात क्षयाचं नाव काढत नसत. त्याच्या कितीतरी आधी, १९१२ साली, डॉ. बिलिमोरिया यांनी पाचगणीला क्षयरोग्यांसाठी बेल-एअर सॅनिटोरियम काढलं. चांगली हवा, दूध आणि विश्रांती यापलीकडे त्या काळी हातात फारसं काही नव्हतं, स्ट्रेप्टोमायसिन १९४३ सालचं. आजीच्या वेळी औषध निघालेलं होतं, तरी लाजेपायी घरानं उशीर केला. ताई तिच्या मांडीवर वाढली होती.

म्हणजे लहानपणापासून ताईच्या छातीत ते जंतू झोपलेले होते. जगातल्या सुमारे पाव लोकसंख्येच्या अंगात ते असे असतात. त्यांच्याभोवती पांढऱ्या पेशींचं कडं असतं, आणि ते कडं सुटू न देण्याचं काम कोण करतं? तू. इन्फ्लिक्सिमॅब हे तुला धरणारं पहिलं औषध बाजारात आलं आणि २००१ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी नोंदवलं, ते घेतलेल्या सत्तर रुग्णांना क्षय झाला. तुला बांधलं आणि कडं सुटलं. इतकी वर्षं ज्याच्या पहाऱ्यामुळे माझी ताई आजीच्या वाटेनं गेली नाही, त्यालाच मी वर्षभर शिव्या देत होतो.

तेव्हा नमस्काराचं ठरलं. छातीतल्या त्या पहाऱ्यासाठी एक नमस्कार घे. डोळ्यातल्या जाळपोळीसाठी माफी नाही. एकानं दुसरं फिटत नाही, आणि मी ते फिटवणारही नाही.

झोपलेल्या जंतूंसाठी ताईला आयसोनियाझिडच्या गोळ्या सुरू केल्या, महिनाभर थांबलो, यकृताच्या तपासण्या केल्या आणि दिवाळीनंतर इंजेक्शन सुरू झालं. दर पंधरा दिवसांनी एक. ते दोन ते आठ अंशांत ठेवावं लागतं. आमच्या फ्रीजमध्ये दह्याच्या सटाजवळ ते खोकं असतं आणि वीज गेली की घरातलं पहिलं माणूस थर्मास शोधायला धावतं. बगाडाच्या बैलाला मारून बगाड ओढलं जात नाही. त्याला वेसण असते आणि ती धरणारा जाणता असावा लागतो. तुझी वेसण सध्या आमच्या फ्रीजमध्ये आहे.

ताईची नजर बरीच परत आली. चष्म्याचा नंबर बदलला, बारीक सुईत दोरा ओवायला आता लेक मदत करते. डाळिंबी आणि किरमिजीतला फरक तिला दिसतो, पण दारात जाऊन, उजेडाला धरून, दोनदा ताडून. मागे न वळता वर जाणारा तो हात आता जात नाही. पडद्यामागचा जो रंग तू नेलास तो यायचा नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे.

तुला लिहिण्यासारखं एवढंच होतं. पुढचं वाचणाऱ्यांसाठी. डोकं दुखतंय, मान आखडली, कानात आवाज येतोय, टाळू हुळहुळतेय आणि दोन्ही डोळ्यांना धूसर दिसतंय, सरळ रेघ वाकडी दिसतेय, असं एकत्र झालं तर ते ‘डोळे येणं’ समजू नका. दुकानातून थेंब आणून दिवस घालवू नका. बाहुली मोठी करून पडदा तपासणाऱ्या डॉक्टरांकडे त्याच आठवड्यात जा. पहिल्या दोन आठवड्यांत नेटानं उपचार झाले तर डोळे वाचण्याची शक्यता चांगली असते. गोळ्यांनी चेहरा सुजला तर डॉक्टरांना सांगा, पण मनानं गोळी सोडू नका. आणि घरात कुणाला कधी क्षय झाला असेल तर तो डॉक्टरांपासून लपवू नका, कितीही जुनी गोष्ट असली तरी.

ताईचा धाकटा भाऊ,
वाई